चष्मा काढून बघणारे वकील

ॲडव्होकेट श्रीधर तळवणेकर यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मोठमोठ्या लोकांचे लेख येणार आहेत, असं मला सांगण्यात आलं. त्यांत वालावलच्या कुळीथ पिठीवाल्या काकींचाही एक असावा, असा समितीचा आग्रह पडला. मला अक्षर येत नाही, हे समितीला ठाऊक आहे. म्हणून मी सांगते आहे आणि नातसून लिहिते आहे. वाचताना जे बरं वाटेल ते माझं समजावं, चुकलं असेल ते तिचं.

वकीलसाहेबांना मी प्रथम पाहिलं ते कुडाळच्या बाजारात, आणि माझं त्यांच्याबद्दलचं पहिलं मत काही चांगलं झालं नाही. मी तेव्हा कुळीथ भाजून, दळून, साध्या पिशव्यांत पिठी भरून एका दुकानात ठेवत असे. त्या दिवशी पिशव्या पोचवायला गेले, तर एक सभ्य दिसणारे गृहस्थ फळीपासून लांब, पार दुकानाच्या उंबऱ्यावर उभे. हातात चष्मा, डोळे बारीक केलेले. बराच वेळ हलेनात.

मी म्हटलं, "काय ओ, कित्या बघतात इतक्या? कायतरी उचलूचा आसा काय?"

"चष्मो काढून बघतंय, काकी," ते म्हणाले. "गिऱ्हाईक असांच बघता, लांबसून आणि अर्धवट. ह्यातली तुमची पिठी खंयची?"

मी बोट दाखवलं. ते म्हणाले, "तिच्या बाजूची पिशवी पण तशीच दिसता. उद्या कोणी ती तुमची म्हणान विकली, तर तुमका कळतला काय?"

दुकानदार रागावला. "मी तसलो नाय, वकीलानू!"

"तू नाय रे. तुझ्या बाजूचो."

वकीलसाहेबांची ही रीत आजही तीच आहे. लग्नाला गेले तरी पंगतीत बसण्याआधी पाण्याच्या बाटल्यांची लेबलं बघतील, जत्रेत देवळापेक्षा खाज्याच्या दुकानांसमोर जास्त वेळ उभे राहतील, आणि प्रत्येक ठिकाणी आधी चष्मा काढतील. ज्याला जवळचं नीट बघायचं असतं तो चष्मा घालतो. हे काढतात. माझ्या मते यांचं अर्धं शिक्षण यातच आहे.

त्यानंतर पिठीचं नाव नोंदवून घ्यायला मी त्यांच्या ऑफिसात गेले. मी नाव ठरवूनच गेले होते. म्हटलं, "लिवा, अस्सल मालवणी कुळीथ पिठी."

वकीलसाहेबांनी लेखणी उचललीच नाही. "काकी, मालवण तुमच्या नावार केलेला आसा काय?"

"नाय."

"आणि ह्या जिल्ह्यात नकली म्हणान पिठी कोण विकता?"

मग त्यांनी मला समजावलं ते असं. वस्तूचं नाव, गावाचं नाव, 'चांगलं', 'अस्सल', 'घरगुती' असले शब्द सगळ्या धंदेवाल्यांना लागतात. ते एकट्याच्या ताब्यात कायदा सहसा देत नाही, आणि देऊही नये. मी देवीचं नाव सुचवलं. ते म्हणाले, त्या नावाने आधीच इतकी दुकानं आहेत की देवीलासुद्धा आपलं कुठलं ते ओळखता यायचं नाही. मी रुसून बसले. तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "घरात तुमका काय म्हणान हाक मारीत?"

आता हे ग्रंथात छापायला हरकत नाही, कारण सगळ्या जिल्ह्याला माहीत झालं आहे. आमचे घरवाले मला टिटवी म्हणत. मी नदीकाठून बाजार करून येऊ लागले की ते पडवीतूनच म्हणत, "इली माझी टिटवी. आता झोप नाय." मी फार बोलते असा त्यांचा समज होता. ते गेले तेव्हापासून त्या नावाने मला कुणी हाक मारलेली नव्हती, आणि मारावी असं मला वाटलंही नव्हतं.

हे सांगितलं मात्र, वकीलसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "ह्याच!"

मी म्हटलं, "टिटवी अशुभ, वकीलानू. पिठी कोण घेतला?"

"टिटवीचा आणि कुळथाचा काय नाता?"

"काय्येक नाय."

"म्हणानच ता नाव जबरदस्त. दुसऱ्या पिठीवाल्याक ता लिवची प्रामाणिक गरज कधीच पडाची नाय. जो लिवतला, तो तुमका बघूनच लिवतला."

असं माझ्या नवऱ्याने थट्टेत ठेवलेलं नाव सरकारदरबारी गेलं. पिंगुळीच्या एका चित्रकाराने टिटवी काढली. लांब पाय, मोठा गोल डोळा, तोंड उघडं. तोंड उघडं काढायला मी सांगितलं नव्हतं, ते त्याला माझ्याकडे बघून सुचलं असावं. वकीलसाहेबांनी त्याच्याकडून चित्राचे हक्क माझ्या नावे लिहून घेतले आणि नावाचा एक आणि नारिंगी पाकिटावरच्या चित्राचा एक, असे दोन वेगळे अर्ज केले. मी कुरकुर केली, की नाव घातलं तर चित्राचा वेगळा खर्च कशाला? ते एवढंच म्हणाले, "तुमी दुकानात गेलात तर पाकिटावर काय बघशात?" मी म्हटलं, "पक्षी." "मगे?" मी गप्प बसले. असं फार वेळा घडत नाही.

अर्ज तपासला जातो, मग जाहीर होतो, कुणाची हरकत असेल तर तिला चार महिने दिले जातात. तेवढे दिवस मी दर सोमवारी विचारायला जात असे आणि ते दर सोमवारी तेच उत्तर पहिल्यांदाच देत असल्यासारखे देत. नोंदणी झाली तेव्हा प्रमाणपत्र त्यांनी मला पुरतं वाचून दाखवलं. फी त्यांनी घेतली, पूर्ण घेतली. वकीलसाहेब गरिबांची कामं फुकट करतात असं या ग्रंथात दुसऱ्या कुणी लिहिलं असेल तर ते त्यांचं ते जाणोत.

आता मुख्य गोष्ट. ती सांगण्यासाठीच मी या लेखाला होकार दिला.

काही वर्षांनी मी शिरोड्याला भाचीकडे गेले होते. जेवायला पिठी केलेली. भाचीची सासू म्हणाली, "तुमचीच आसा, बाजारातसून हाडली." पहिल्या घासालाच मला जळका वास आला. सासूबाई मोठ्या सभ्य. त्या एवढंच म्हणाल्या, "टिटवी आता पयल्यासारखी रवली नाय, नाय?"

ते नाव मी दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच असं ऐकलं. मी पाकीट मागवून घेतलं, उलटंसुलटं केलं. नारिंगी रंग, लांब पायाचा पक्षी, गोल डोळा. माझंच. मी भर पंगतीत माफी मागितली. म्हटलं, "ह्या खेपेक कुळीथ जास्त भाजले गेले. माझी नजर चुकली." ते पाकीट पिशवीत घातलं, घरी आले, आणि माझ्याकडे कुळीथ भाजणाऱ्या दोघींना उभं करून त्यांची अशी हजेरी घेतली की एक रडायला लागली.

नातसून पाकीट हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आजी, ह्यावर 'सागरपक्षी' लिहिलंय. हे आपलं नाही."

दुसऱ्याच्या जळक्या पिठीची माफी मी मागून आले होते.

दोघींची समजूत घातली आणि दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांकडे गेले. नोटीस पाठवली. त्या व्यापाऱ्याचं उत्तर आलं की आमचं नाव वेगळं आहे, ठळक अक्षरांत छापलेलं आहे, वाचणाऱ्याची फसगत होण्याचा प्रश्नच नाही. मग कोर्टात जायचं ठरलं. वकीलसाहेब मला म्हणाले, "काकी, शिरोड्याक काय झाला ता तुमी शपथेवर सांगूक होया."

मी साफ नाही म्हटलं. पिठीची मालकीण, आणि तिलाच तिची पिठी ओळखता आली नाही! ओरोसच्या कोर्टात चार माणसांत हे वाचलं जाणार. "लोक हसतले, वकीलानू. माका वाचूक येणा नाय ता गावाक म्हायत आसा, जिल्ह्याक कित्याक सांगूचा?"

वकीलसाहेबांनी घाई केली नाही. ते म्हणाले, "तो म्हणता, वाचणारो फसाचो नाय. बरा. पण वाचूक येणा नाय ता गिऱ्हाईक गिऱ्हाईक नाय काय? तेका पक्षीच दिसता. तुमचो पक्षी तुमकाच फसयता, ह्याच्यापेक्षा मोठो पुरावो माका खंय गावतलो?" मग हळूच म्हणाले, "नायतर रवांदे. टिटवी जळकी म्हणान लोक बोलतत, ता बोलांदेत."

मी अंगठा पुढे केला. त्यांनी तो लगेच घेतला नाही. प्रतिज्ञापत्राचं एकेक वाक्य मालवणीत सांगितलं, माझ्याकडून उलट म्हणवून घेतलं. एका ठिकाणी 'अशिक्षित' असं होतं. मी म्हटलं, "ह्या माका चालाचा नाय. मी घर चालयलंय, धंदो चालयलंय." त्यांनी तो शब्द खोडून 'लिहितावाचता न येणारी' असं घातलं आणि अख्खं पान पुन्हा टंकून आणलं. दिवेलागणीची वेळ झालेली, कारकून तोंड वाकडं करत होता. पुन्हा सगळं वाचलं, मग अंगठा. कायद्याला यातलं किती लागतं मला माहीत नाही. मला सगळं लागत होतं.

कोर्टात समोरचे वकील चांगलं बोलत होते. अक्षरं किती मोठी, नाव किती निराळं, ते त्यांनी पाकीट हातात धरून दाखवलं. आमचे वकीलसाहेब उठले, त्यांनी माझी फजिती पहिल्या घासापासून वाचली. मागे दोघे-तिघे हसले. मी मान खाली घातली नाही. वाचून झाल्यावर त्यांनी दोन्ही पाकिटं खिडकीत ठेवायची परवानगी मागितली, दारापर्यंत मागे गेले आणि चष्मा काढला. बोलले काहीच नाहीत. न्यायाधीशसाहेबांनी खिडकीकडे पाहिलं, आणि क्षणभर त्यांनीही आपला चष्मा काढला. त्यांना काय दिसलं ते त्यांनाच ठाऊक. पण ती पाकिटं तूर्त विकू नयेत असा हुकूम झाला, आणि पुढे त्या व्यापाऱ्याने तडजोड करून पक्षीही बदलला, रंगही. आता त्याच्या पाकिटावर होडी आहे. शिरोड्याच्या सासूबाईंना मी माझं पाकीट पोस्टाने पाठवलं. त्यांचा फोन आला, "आता बरी आसा." त्यांना खरी हकीगत मी सांगितली का, ते विचारू नका.

जिंकल्यावर माणसाला जोर येतो, तसा मलाही आला. आमची जाऊ स्वतःच्या नावाने पिठी विकायला लागली, तेव्हा मी वकीलसाहेबांना म्हटलं, हिलाही नोटीस पाठवा. ते म्हणाले, "तिणा तुमचो पक्षी घेतल्यान? रंग घेतल्यान? टिटवी म्हणता ती?" तिन्ही नाही. "मगे काकी, कुळीथ काय तुमच्या एकट्याचे? जावा आणि तिची पिठी खावन येवा." आपल्या अशिलाला असं तोंडावर सांगणारे वकील मी दुसरे पाहिले नाहीत. मी गेले, खाल्ली. बरी होती. माझ्याइतकी नाही.

वकीलसाहेबांना एकदा मी विचारलं होतं, "टिटवी आता कायमची माझी काय?" ते म्हणाले, नोंदणी दहा वर्षांची असते. वेळेवर पुन्हा अर्ज केला की आणखी दहा, मग आणखी दहा, त्याला शेवट नाही. माणूस गेलं तरी नाव वारसाकडे राहतं, फक्त कुणीतरी आठवणीने अर्ज करायला हवा. मला ते ऐकून बरं वाटलं. आमच्या घरवाल्यांनी पडवीतून मारलेली हाक कुठेतरी नोंदलेली आहे, आणि ती खोटी पाडायला आलेल्याला एकदा परत पाठवलेलं आहे.

तेव्हा वकीलसाहेब, तुमचंही असंच चालावं. या साठीचं नूतनीकरण विनाहरकत मंजूर होवो, पुढचंही, त्याच्या पुढचंही. डोळे, गुडघे आणि जेवण शाबूत राहोत. टिटवीचा पुढचा अर्ज मी दुसऱ्या कुठल्या वकिलाकडे देणार नाही, म्हणून तुम्हाला राहणं भाग आहे. मी स्वतः येईन. तुम्ही चष्मा काढून दाराकडे बघत बसू नका. माझा आवाज आधी येईल.