किसुमू की म्वांझा

उमेंद्र रहांगडाले हा अर्जुनीच्या राईस मिलमधला मिस्त्री. मशीन अडली की तो आधी पाना उचलत नसे. डोळे मिटून तिचा आवाज ऐके, आणि मग हात घाली तो नेमका दुखऱ्या जागी. पण मिलच्या बाहेर त्याचं मन एका जागी ठरत नसे. गोंदियाला सायकल घ्यायला गेला, तेव्हा लाल की निळी यातच त्याची दुपार गेली. लाल घेतली, आणि नवेगावबांधला, आपल्या गावी, घरी पोहोचेपर्यंत निळीच बरी होती असं त्याला वाटत राहिलं. “माह्या वेळी एकच पोरगी दाखवली, म्हणून लगन झालं,” असं त्याची बायको ओमेश्वरी शेजारणींना सांगत असे.

२०११ सालच्या उन्हाळ्यात मिल नेहमीसारखी बंद पडली. गावातला धान संपला की मिस्त्रीला काम नसतं. तेव्हा मालक केशोरावांनी त्याला बोलावून घेतलं. त्यांच्या ओळखीचे दोघे गुजराती भाऊ आफ्रिकेत होते. एकाची मिल केनियात किसुमू गावी, दुसऱ्याची शेजारच्या टांझानियात म्वांझाला. दोघांनाही एकेक मिस्त्री हवा होता. पगार सारखा, राहायला खोल्या, बायकापोरं नेली तरी चालतील.

“तू जुना हायेस, तं तू आधी निवड,” केशोराव म्हणाले. “राहिलेला देश टिकेशचा. पण लवकर सांगजो गा. सायकल घेऊन नाई राहिला तू.”

टिकेश म्हणजे मिलमधला दुसरा मिस्त्री, बिनलग्नाचा, कुठेही टाका तिथे झोप लागणारा.

उमेंद्रने शाळेत जाऊन भिंतीवरचा नकाशा पाहिला. दोन्ही गावं एकाच मोठ्या तळ्याच्या काठावर होती, एक वरच्या अंगाला, एक खालच्या. हे पाहून तो जास्तच अडकला. तळ्याकाठी राहायची त्याला सवय होती, पण इथे तळं एक आणि सरकारं दोन. गावच्या तळ्याच्या बांधावर जाळं सुकवत बसलेल्या सुकरामला त्याने विचारलं, तर तो म्हणाला, “पाणी एकच हाय तं मासोळीले काय फरक पडते?”

“मले मासोळी नाई व्हायचं, सुकरामदादा. मले तिथं राहायचं हाय.”

“मंग मले कायले पुसतेस? मी तं पाण्यातलंच सांगीन.”

उमेंद्रने दोन्हीकडे फोन लावले. करंट किती वेळ राहतो, धान जाड की बारीक, उसना म्हणजे उकडा करतात की कच्चा, टरफल काढायचे रबर रोल कुठून मागवतात, सगळं विचारलं. म्वांझाची मशीन नवी होती, म्हणून सकाळी त्याने टांझानिया ठरवलं. जेवणाच्या वेळेला कोणी सांगितलं की किसुमूला गुजराती दुकानं आहेत, तूरडाळ मिळते. दुपारी केनिया ठरला. संध्याकाळी तो बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता चालत होता. चपलेचा अंगठा तुटला तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

“भाऊ,” टिकेश त्याला चहाच्या टपरीवर म्हणाला, “माही माय रोज पुसून राहिली, बाबू, कोणत्या देशात जाऊन राहिलास? मी सांगतो, उमेंद्रभाऊले पुस, त्यालेच ठाऊक.”

“अन् तुले कोणता पाहिजे?”

“तू सोडशील तो.”

उमेंद्रला हसू आलं नाही. रश्मी पाच वर्षांची होती. तिला आणि ओमेश्वरीला आपण समुद्रापार घेऊन जाणार, आणि तिथे जाऊन कळणार की दुसरंच बरं होतं. ही सायकल नव्हती.

ओमेश्वरी इतके दिवस काहीच बोलली नव्हती. त्या संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता तिने विचारलं, “रश्मीचे बाबूजी, मशीनचं पुसलं, धानाचं पुसलं. तिथं कोण बाई हाय, ते पुसलं काय?”

“बाईचं कायले?”

“पोरगी द्याची राहते तं आपण कोणाले पुसतो?”

हे त्याला ठाऊक होतं, पण सुचलं नव्हतं. तिच्या माहेरी आमगावकडे, आणि त्याच्याही घरी, मुलगी द्यायची असली की नवऱ्यामुलाच्या माणसांच्या सांगण्यावर कोणी जात नसे. त्या गावात आपल्याकडची एखादी मुलगी आधी दिलेली असे. एखादी आत्याबाई जाऊन तिला विहिरीवर गाठी. ती सासरच्या माणसांसमोर खरं सांगणार नाही, हे धरूनच जायचं. ती सांगते काय याकडे कान द्यायचा नाही, विचारते काय तिकडे द्यायचा. कोणाचं लग्न जमलं, कोणाला मूल झालं असं माणसांचं विचारत असेल, तर मुलगी द्यायला हरकत नाही. वाटेचं विचारू लागली, गाडी अजून सुटते का, पूल झाला का, तर आत्याबाई घरी येऊन नुसती नकाराची मान हलवी.

दुसऱ्या दिवशी उमेंद्रने पुन्हा फोन लावले. म्वांझाच्या मिलवर एकही बाई नव्हती. “लेडीज कोई नहीं, भाई, पर सब शांति है,” तिकडचा माणूस म्हणाला. किसुमूच्या मुनीमाची बायको मात्र तिथे होती. रुख्मिणी तिचं नाव, आणि माहेर लांजीकडचं, म्हणजे आमगावहून पलीकडे, मध्य प्रदेशच्या सरहद्दीला लागून.

ओमेश्वरीने फोन हातात घेतला आणि सरळ घरच्या पोवारी बोलीत विचारलं, “कसी सेस बाई?”

रुख्मिणी बोलू लागली ती थांबेना. घर मोठं आहे, हवा चांगली आहे, भाजी ताजी मिळते, माणसं वाईट नाहीत. इकडचं विचारलं तिने, कोणाकोणाची लग्नं झाली, यंदा मोहाची फुलं किती पडली. उमेंद्र फोनजवळ कान लावून उभा होता. त्याचा जीव भांड्यात पडत चालला होता, तेवढ्यात तिने हळूच विचारलं, “बाई, आमगावहून लांजीची गाडी अजून सुटते का?”

ओमेश्वरीने त्याच्याकडे पाहिलं. “सुटते,” ती फोनमध्ये म्हणाली.

फोन ठेवल्यावर उमेंद्रने सुटकेचा श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी त्याला आपलं मन एका जागी उभं असल्यासारखं वाटलं.

“ठरलं. टांझानिया,” तो म्हणाला. “तिनं वाटेचं पुसलं. तू ऐकलंस ना?”

“ऐकलं. म्हणूनच किसुमू.”

“काऊन?”

“म्वांझाले मी वाटेचं पुसीन तं कोणाले पुसीन? तिथं ऐकणारं कोणी नाई.” ओमेश्वरीने हातात घेतलेलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. “ती एकटी हाय म्हणून गाडीचं पुसून राहिली. आपली पोरगी एकटी पडली तं आपण दुसरी त्याच गावात देतो का नाई? माह्या दोन्ही मावश्या एकाच आळीत दिल्या. दोघी भांडतात, पण हायेत.”

एकाच फोनातून दोघांनी दोन देश ऐकले होते, आणि तिचं चुकलं असं त्याला म्हणता येईना.

तो तिला आणि रश्मीला घेऊन केशोरावांकडे गेला. टिकेश आधीच ओट्यावर बसला होता.

“किसुमू,” उमेंद्र म्हणाला.

“नक्की?” केशोरावांनी विचारलं. “घरी जाईपर्यंत बदलशील तं नाई?”

“नाई.”

“चला,” टिकेश उठला. “मायले सांगतो, मी टांझानियात जाऊन राहिलो.”

केशोरावांनी गुजरात्याला फोन लावला, तारीख ठरवली, रश्मीच्या हातावर पेढा ठेवला. सगळे निघायला उठले. उमेंद्र मात्र चपलेत पाय अडकवून तसाच उभा राहिला.

“केशोभाऊ,” तो म्हणाला, “एक पुसायचं राहिलं. तिथून इकडे याले विमान रोज राहते काय?”

केशोरावांनी ठाऊक नाही म्हणून हात उडवला. ओमेश्वरी पायरीवर होती. तिने मागे वळून उमेंद्रकडे पाहिलं, आणि रश्मीचं बोट सोडून त्याच्यासाठी थांबली.