मागच्या रांगेतल्या मावशी

आज बऱ्याच महिन्यांनी हडपसरला पिक्चर पाहायला गेले, एकटीच. सासूबाई गेल्यापासून थिएटरची पायरी चढले नव्हते, कारण पिक्चरला आम्ही दोघीच जायचो.

आजचा विनोदी होता. खरं सांगू, हल्लीच्या विनोदी पिक्चरमध्ये सगळे नुसते ओरडतात. कौटुंबिक त्यातल्या त्यात बरे, पण त्यातली माणसं रडतानाही फार नीटनेटकी दिसतात. सासूबाई भर थिएटरात म्हणायच्या, “एवढा मोठा बंगला, पण फरशी पुसताना कोणी दिसत नाही!” लोक वळून पाहायचे. मी संकोचून त्यांचा हात दाबायचे.

आज मागच्या रांगेतल्या एक मावशी तशाच बोलत होत्या. नायक तिसऱ्यांदा पाण्यात पडला तेव्हा म्हणाल्या, “अरे, टॉवेल तरी द्या त्याला!” शेजारच्या गृहस्थांनी लगेच सुनावलं, “अहो, आम्हीही तिकीट काढलंय.” मावशी गप्प झाल्या.

मग पडद्यावरचा आरडाओरडा तेवढा उरला. मला ते सहन होईना. मी अनोळखी माणसांशी सहसा बोलत नाही, पण मागे वळून हळूच म्हणाले, “मावशी, माझ्या कानाशी बोला. मला आवडेल.”

“बघ हं, नंतर तक्रार नको,” असं म्हणून त्या पुढे वाकल्या आणि शेवटपर्यंत कुजबुजत राहिल्या.

पिक्चर कसा होता, ते नीट सांगता येणार नाही. मी डोळे मिटून ऐकत होते.

तुमच्या घरात पिक्चर चालू असताना कोण बोलतं? काय बोलतात? लिहा ना, मला वाचायचंय.