केरसुणीचा खण

सोसायटीच्या जिन्याखाली झाडू ठेवायला मांडणी करायची होती. कागद-पेन्सिल घेऊन मी मापं काढत होतो. जिना झाडणाऱ्या शांताबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. कोणी बघत असलं की माझी रेघ वाकडी जाते. मागे सरकताना केरसुणीला माझा पाय लागला. लक्ष्मीच ती, मी पटकन वाकून नमस्कार केला. मग कागद त्यांच्यापुढे धरला. केरसुणी, खराटा, ब्रश, प्रत्येकाला वेगळा खण.

“सगळ्यांची सोय केलीत, दादा,” त्या म्हणाल्या. “माझ्या डब्याची पिशवी कुठं ठेवू?”

ती पिशवी रोज पहिल्या पायरीवर असते. घाईत उतरताना माझा पाय तिला कितीदा तरी लागला आहे. नमस्कार मी एकदाही केलेला नाही.