कानामागचा अंगठा

नोकरीत किती चोऱ्या तपासल्या आणि किती विसरलो, सांगता येणार नाही. पेणच्या कारखान्यातून गेलेला एक रबरी साचा मात्र अजून डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी पेणला पोलीस निरीक्षक होतो. गणपतीचा कारखाना चालवणाऱ्या एक बाई तक्रार घेऊन आल्या. नवरा वारलेला. त्याने घडवलेल्या शेवटच्या मूर्तीचा साचा चोरीला गेला होता. मूर्ती पुरी झाली की ओल्या मातीत, कानामागे, तो आपला अंगठा उमटवायचा. त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक गणपतीवर तो ठसा यायचा.

"दुसरा साचा नाही का बनवता येणार?" मी विचारलं.

"कशावरनं बनवू, साहेब? त्याच्यातनं काढलेले सगले गणपती बुडाले. ह्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं."

गुन्हा नोंदवून घेतला. मग रंगाच्या एका दुकानदाराने खबर दिली, की जुन्या वस्तू विकण्याच्या एका ॲपवर तसा साचा दिसला होता, पण नंतर गायब झाला. आम्ही त्या कंपनीला पत्र देऊन जिल्ह्यातल्या जाहिरातींचा डेटा मागवला.

कॉम्प्युटर शिकून भरती झालेली आमची एक महिला शिपाई त्यावर क्वेरी लिहायला बसली. क्वेरी म्हणजे माहितीच्या त्या साठ्याला त्याच्या भाषेत लिहून विचारलेला प्रश्न. तिने गणपती, मूर्ती, साचा असे शब्द घालून पाहिले. ढिगाने गणपती निघाले, हवा तो नाही.

"सर, सगळं विचारून झालं. नाहीच आहे."

सकाळच्या हजेरीला मी उभ्या माणसांपेक्षा न आलेल्यांकडे आधी बघायचो. तीच खोड इथे कामी आली.

"या कुठल्या जाहिराती येतायत?"

"चालू असलेल्या. तशी अट घातलीय."

"आणि काढून टाकलेल्या?"

तिने जीभ चावली. "त्याही असतात, सर. कंपनीकडे त्या पुसत नाहीत, फक्त 'काढली' अशी खूण करतात."

अट काढून तिने क्वेरी पुन्हा चालवली. रोह्याची एक जाहिरात आली. ज्या दिवशी टाकली, त्याच दिवशी काढलेली. फोटोत साचा होता.

जाहिरातीतला फोन नंबर निघाला कारखान्यातल्याच जुन्या कारागिराचा. तो आता रोह्याला एका कंपनीत शिफ्ट करत होता आणि लगतच्या अष्टमी गावात भाड्याने राहत होता. चौकशीला आणला, तर एकच घोषा, "मी नाय, साहेब." मी आवाज चढवला नाही. खोटं बोलणारा माणूस ओरडा खाण्याची तयारी करून आलेला असतो. फोटो पुढे ठेवून एवढंच विचारलं, "विकायचा होता, तर जाहिरात काढलीस कशाला?"

तो रडायलाच लागला.

"माझा कारखाना टाकायचा होता. नाय जमलं, म्हणून विकायला टाकला. मग फोटोत काकांचा अंगठा दिसला, साहेब. माझा हात धरून डोळ्यांची आखणी त्यांनीच शिकवलीवती. नाय विकवला."

त्याच्या खाटेखाली लुगड्यात गुंडाळलेला साचा जप्त केला. कोर्टाच्या आदेशाने तो बाईंच्या ताब्यात दिला, तेव्हा त्यांनी ठाण्यातच साच्याच्या आत हात घालून कानाची जागा चाचपली आणि अंगठा तिथे टेकवून बसून राहिल्या. उठताना त्यांनी कोठडीतल्या त्या कारागिराबद्दल विचारलं, "त्यो जेवला का?"

विचारावं तेवढंच उत्तर मिळतं, माणसाकडून काय आणि मशीनकडून काय, हे मी या प्रकरणात शिकलो. आणि नाहीशा झालेल्याची चौकशी आधी करावी.

आता निवृत्त आहे. गणपती त्याच कारखान्यातून आणतो. विसर्जनाला उचलण्याआधी कानामागच्या ठशावर अंगठा ठेवतो. परक्या माणसाचा ठसा आहे, ठाऊक आहे मला. पण बायको जाऊन इतकी वर्षं झाली, तिची फार आठवण येते, आणि आयुष्यभर चोरांचे ठसे उचलणाऱ्या माझ्या घरात तिच्या हाताचा एकही ठसा नाही.