एकदाच वाजलेला फोन

आधीच सांगून टाकते, भुताखेतांच्या गोष्टी मला कधीच पटल्या नाहीत. आमच्या बाजूला दर दुसऱ्या माडाखाली कोणीतरी उभं असलेलं बघणारी माणसं भेटतात आणि मी लहानपणापासून त्यांची यथेच्छ टिंगल करत आले आहे. मी ओरोसला सरकारी ऑफिसात नोकरीला आहे. दिवसभर लोकांना ‘पुरावा जोडून आणा’ म्हणून परत पाठवते... आणि आज मीच एक बिनपुराव्याची गोष्ट घेऊन तुमच्यासमोर बसले आहे. हसायचं तर खुशाल हसा, फक्त शेवटपर्यंत वाचा.

आमचं घर तारकर्लीत, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. घरात आई, वडील म्हणजे आमचे आबा, आणि मी. (माझं लग्न झालेलं नाही. त्यावर इथे चर्चा नको, ती गावात पुरेशी होते.) धाकटा भाऊ गौरेश चीनमध्ये एमबीबीएस करतो. इथे मार्क थोडक्यात हुकले आणि तिकडे नंबर लागला, म्हणून गेला. आबा जन्मभर मासेमारी करणारे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला पुढे आणि स्वतःची छोटी होडीही होती.

तिकडे व्हॉट्सॲप, गुगल, यूट्यूब सगळं बंद असतं. पोरं मोबाईलमध्ये व्हीपीएन टाकून त्यातून वाट काढतात. व्हीपीएन लावला की आपण भलत्याच देशात बसलोय असं इंटरनेटला वाटतं. हे गौरेशने आबांना एकदा बराच वेळ खर्च करून समजावलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे जाळ्याक भोक.” याहून सोपी व्याख्या मी अजून ऐकलेली नाही. मग रोजची करमणूक सुरू झाली. गौरेश म्हणायचा, आज जपानमधून लागलं, आज जर्मनीतून. आबा लगेच शेजारच्या काकींना ऐकवायचे, “आमचो झील आज जपानात आसा हां.” काकी बिचाऱ्या आईला खाजगीत विचारून गेल्या, “गो, ह्यो पोरगो शिकता कधी?”

आता आबांच्या एका सवयीबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळं तिथेच अडलं आहे. रापणीला माणसं जमवायला उजाडायच्या आधी एकजण दारोदार फिरतो. तो प्रत्येक दारात दोनदा हाक मारतो. दोनदाच. एका हाकेला आमच्याकडे कोणी उठत नाही. आबा म्हणायचे, “पयल्या हाकेक ओ देवची नाय. माणूस आसलो तर परत हाक मारतलो.” आणि माणूस नसलं तर? त्याचं उत्तर ते देत नसत, चुन्याची डबी उघडत.

फोन आला तशी ही सवय फोनलाही लागली. पहिल्यांदा वाजला की उचलायचा नाही. कट होऊन परत वाजला की मग. माझ्या ऑफिसचे फोन यात किती वेळा गेले, विचारू नका. मी चिडायचे, भांडायचे. गौरेश मात्र हुशार, तो स्वतःच एक रिंग देऊन कापायचा आणि परत लावायचा. “ताई, पहिली रिंग आबांच्या भुताची, दुसरी माझी,” असं म्हणून हसायचा. हे लिहिताना आता हात थांबतो.

दुसरी गोष्ट खुणेची. आबांना समुद्रात एक खडप माहीत होतं, पाण्याखालचा खडक, वरून काही दिसत नाही. बाकीच्या होड्या रिकाम्या आल्या तरी आबा तिथून तांबोशी मासे घेऊन यायचे. ती जागा सापडते किनाऱ्यावरच्या खुणांवरून. होडीतून बघताना जमिनीवरच्या दोन वस्तू एका रेषेत यायला हव्यात आणि दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन वस्तू दुसऱ्या रेषेत. दोन्ही रेषा जुळल्या की खाली खडप. कुठल्या वस्तू, ते आबांच्या वडलांनी आबांच्या कानात सांगितलेलं. ते लिहायचं नाही, जीपीएसमध्ये घालायचं नाही. “यंत्रात घातलां की सगळ्यांचां झालां,” असं त्यांचं म्हणणं. आणि सांगायचं फक्त मुलाला. मी थोरली, घर चालवणारी, पण मला नाही. याचा मला राग होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू?

गौरेश डॉक्टर होणार, तो कसला जातोय मासे मारायला? पण आबांचं ठरलेलं होतं. तो सुट्टीला आला की होडीत बसवून दाखवीन, म्हणायचे. दोन सुट्ट्या त्याच्या परीक्षांत गेल्या, आणि मग आबांचं हृदय थकलं. गोव्याच्या इस्पितळात नेलं, तिथे काही दिवस ठेवलं. मग डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की घरी न्या, त्यांना घरी बरं वाटेल. याचा अर्थ मला कळला. आबांनाही कळला असावा, कारण गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, “गौरेशाक फोन लागात?”

फोन लागेना.

नेमक्या त्याच आठवड्यात सगळी दारं बंद झाली. गौरेशने नवीन पासपोर्ट काढला होता, तो तिथे राहायच्या परवान्यासाठी तिकडच्या ऑफिसात जमा. पासपोर्ट हातात नाही म्हणून विमान नाही. जुन्या पासपोर्टच्या नंबरावर घेतलेलं सिमकार्ड बंद, त्यामुळे साधा आयएसडीही नाही. मी लावायचे आणि एक बाई चिनी भाषेत काहीतरी नम्रपणे सांगायची. तिकडचं चॅटिंगचं ॲप आपल्याकडे बंद. आणि व्हीपीएन? तिकडे कसली तरी मोठी बैठक होती म्हणे, अशा वेळी सगळं आवळतात. त्याच्या हॉस्टेलातल्या कोणाचाच चालत नव्हता. उरला फक्त कॉलेजचा ईमेल. तो लायब्ररीच्या कॉम्प्युटरवरून लिहायचा, ‘ताई, सगळे सर्व्हर ट्राय केले. परत करतो. आबांना सांग.’

मी आबांना सांगायचे. ते मान हलवायचे. त्यांचं बोलणं आता कुजबुजीसारखं झालं होतं, तरी तेच, “माका त्येका सांगूचां आसा.” एकदा मी म्हटलं, “आबा, माका सांगा. मी त्येका सांगतंय. शब्दान् शब्द सांगतंय.” त्यांनी माझा हात थोपटला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी बाहेर खळ्यात, अंगणात जाऊन रडले.

त्या दिवशी मी रजेवरच होते. तिन्हीसांज झालेली, आई तुळशीपुढे दिवा लावत होती. मी आबांच्या उशाशी पेज घेऊन बसले होते, दोन चमचे कसेबसे गेले होते. माझा मोबाईल पायथ्याशी पडलेला. तो वाजला. स्क्रीनवर गौरेशचं नाव, त्याचा तो कॉलेजच्या गेटसमोरचा फोटो, व्हॉट्सॲप कॉल.

मी सवयीने थांबले. इतक्या वर्षांची शिस्त, हात पुढे गेलाच नाही. आता कापेल, आता परत लावेल... आणि आबा, जन्मभर पहिल्या हाकेला ओ न देणारे माझे आबा, कोपरावर उठायला बघत होते. “उचल गो. उचल, उचल बेगिन. गेलो तर परत लागाचो नाय.”

मी उचलला.

“ताई, आबांका दी.” एवढंच. आवाज गौरेशचाच, त्यात मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. मी म्हटलं, “अरे लागला कसा? कुठला सर्व्हर?” उत्तर नाही. मागे गाज ऐकू येत होती, समुद्राची. आमच्या घरात ती कायमच असते, म्हणून तेव्हा काही वाटलं नाही. मी फोन आबांच्या कानाला लावला. त्यांनी तो स्वतःच्या हातात घट्ट धरला आणि मला म्हणाले, “तू जरा भायर जा गो.”

मी गेले. दारातून मागे वळून बघितलं तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. एक हात चादरीबाहेर काढून हवेत दोन रेषा ओढत होते, एक अशी, एक अशी. चेहऱ्यावर काय समाधान होतं! मला राग यायला हवा होता, पण बरं वाटलं. देवाने ऐकलं, असं आईला म्हटलं मी.

बऱ्याच वेळाने हाक आली. फोन छातीवर ठेवला होता. “झालां. सांगलंय सगळां.” मी पांघरूण नीट केलं, उशी सरकवली. ते वर कौलांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, “गो, फोन एकदाच वाजलो ना?”

मी पेजेची वाटी उचलली.

“नाय आबा. दोनदा वाजलो. तुमका झोप लागलेली.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या आबांना खोटं पकडता यायचं. मग फोनवरून हात काढून घेतला आणि तो हात चादरीला पुसत राहिले. पहाटे गेले.

गौरेशला कळवायला मी ईमेल उघडला, तर त्याचाच एक आलेला होता, आदल्या संध्याकाळचा. ‘आज पण लागला नाही, ताई. आम्ही चौघं मिळून ट्राय करतोय. आबांना सांग, मी उद्या परत करतो.’ पाठवल्याची वेळ बघितली. त्या वेळी आबा फोन कानाला लावून बोलत होते.

पासपोर्ट मिळताच तो आला, तोवर तेरावंही उरकलं होतं. त्याला आणायला जातानाच मी ठरवलं होतं की त्याला काही सांगायचं नाही. पण आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, समाधानाने, “बरां झालां रे, तुझ्याशी तरी बोलले.” तो म्हणाला, “कधी?”

मग आईला काही कळू न देता दोघांचे मोबाईल शेजारी शेजारी ठेवून बसलो. माझ्या मोबाईलवर आलेला कॉल दिसतो, त्याच्या नावाने, तेवढ्या वेळाचा. त्याच्यावर केलेला कॉल नाही. तो म्हणाला, अकाउंट हॅक झालं असेल. आवाजाची हुबेहूब नक्कल करणारे भामटे निघालेत, आमच्या ऑफिसातही त्याचं परिपत्रक आलंय. पण त्या भामट्याने काहीच मागितलं नाही. आणि अर्धी ओळ का होईना, आमची मालवणी त्याला कोणी शिकवली? शिवाय ती गाज. गौरेशच्या शहरापासून समुद्र कुठच्या कुठे आहे. मी सायबर सेलला जायचं म्हटलं, पण तक्रारीत लिहायचं काय? आमचं काय चोरीला गेलं, याचा पुरावा काय जोडायचा?

जायच्या आदल्या दिवशी गौरेश आबांची होडी घेऊन गेला. एकटाच. होडीत उभा राहून किनाऱ्याकडे बघत राहिला असणार, हा माड की तो, हा डोंगर की तो... ऊन उतरल्यावर परत आला. डोळे लाल. होडी वर ओढताना म्हणाला, “माका काय नको होतां गो ताई. खडप नको, मासे नको. पण त्येंका वाटलां मी ऐकतंय. आणि मी नव्हतंय.” मी त्याला जवळ घेतलं. माझ्याकडे दुसरं काय होतं?

आबा काय बोलले, ते मला माहीत नाही, आईला नाही, गौरेशला नाही. ते ज्याने ऐकलं त्याच्याकडेच आहे, आणि तो कोण, हे आम्हाला माहीत नाही.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे इथे लिहायला घेतलं. गौरेश परत तिकडे गेला, शेवटचं वर्ष आहे. व्हीपीएन पुन्हा चालतो. तो नेहमीसारखी एक रिंग देतो, कापतो, परत लावतो. पण अधूनमधून फोन एकदाच वाजून थांबतो. कधी तिन्हीसांजेला, कधी मी एसटीत असताना, भर दुपारी. नाव त्याचंच. मी दुसऱ्या रिंगची वाट बघते. ती येत नाही. नंतर विचारलं तर कधी तो म्हणतो, हो ताई, मीच लावला होता, व्हीपीएन तुटला. आणि कधी म्हणतो, मी नव्हतो.

मागच्या आठवड्यात त्याला हे स्पष्ट सांगितलं. मला वाटलं, तो घाबरेल, नंबर बदल म्हणेल. पण तो म्हणाला, “ताई, परत एकदाच वाजलो तर उचल. आणि विचार त्येका, आबा काय बोलले.”

तुमच्यापैकी कोणाला असं काही अनुभवाला आलं असेल, किंवा यातलं तांत्रिक काही समजत असेल, तर जरूर लिहा. मी सगळं वाचेन, पटण्यासारखं असेल तर मानेनही. काल ऑफिसातून येताना मालवण स्टँडवर उभी होते, तेव्हा तो वाजला. मी हातात धरून बघत राहिले. गौरेशचा तोच फोटो, कॉलेजच्या गेटसमोरचा. कापला जात नव्हता, वाजतच होता... मी उचलला नाही. घरी आल्यावर आईने विचारलं, “कोणाचो फोन इल्लो गो?” मी म्हटलं, गौरेशचा. आई म्हणाली, “मगे उचलूक नाय?”

तिला काय सांगू, तेवढं तरी कोणी सुचवा.