‘स्विच मी लावला’ म्हणणारे अमीनमामा

८ जानेवारी १९७८, रविवार. शाळेला सुट्टी. मुलगी मावशीकडे दौंडला गेली आहे. सकाळी धुणे धुतले, घर सारवले. अकराच्या एसटीने शिरूरहून युनियनचे सेक्रेटरी आप्पा आले. अमीनमामांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, त्यांच्या गौरवाचा अंक निघतो आहे, त्यात मी लिहावे असे म्हणाले.

“मला भाषण येत नाही, लेख काय लिहिणार?” मी म्हटले.

“भाषणवाले लय हायेत, मास्तरीणबाई. त्यांचंच छापलं तर अंक कुनी वाचायचा न्हाई. तुम्ही फकस्त घडलं ते लिवा.”

म्हणून घडले ते लिहीत आहे.

अमीन चाँदभाई तांबोळी यांची आणि माझी पहिली भेट सहा वर्षांपूर्वी येथे निमोणे गावी, माझ्या घरी झाली. माझे पती सुदाम गायकवाड कोरेगाव भीमाजवळच्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात फिटर होते. तेथे मिक्सर म्हणजे माणूस उभा मावेल एवढे लोखंडी पिंप असते, आणि त्याच्या तळाशी पाती फिरतात. एका दुपारी सैल झालेले पाते आवळायला ते आत उतरले असताना मिक्सर सुरू झाला. ते जागीच गेले.

मृत्यूनंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे परतले. त्यानंतर दोन दिवसांनी मामा आले. डोक्यावरची टोपी हातात घेऊन ते दारात उभे राहिले. मी पाणी दिले, बसा म्हटले. ते बसले नाहीत.

“मी अमीन तांबोळी. मिक्सरवर ऑपरेटर हाय. स्विच मी लावला.”

मग ते सांगत गेले. मशीन लावण्यापूर्वी दोनदा हाक मारायची, आतून उत्तर आले नाही तर स्विच लावायचा, अशी कारखान्याची रीत होती. “मी दोनदा इचारलं, कोन हाय का आत? शेजारी भरडनीचं मशीन दनदनत हुतं. माझी हाक त्याच्यापत्तुर गेलीच न्हाई. सुपरवायझर म्हनला, ट्रक उभा हाय, लावा. मी लावला.”

मग ते म्हणाले, “आन् आनखी एक हाय. त्याच सांजंला मी एका कागदावर सही केली. सुदाम कुनाला न इचारता आत उतरला, असं त्यात लिवलंय. ते खोटं हाय. सुदाम मला सांगून गेला हुता, मामा, जेवनाच्या सुट्टीत पातं बघतो म्हनून. माझ्याच ध्यानातनं गेलं. ती सही मी मागं घेनार हाय. माफ करा असं म्हनायला मी आलो न्हाई. पन मास्तरीणबाई, तुमच्या मनात माझ्याविषयी काय हाय, ते कवातरी सांगा.”

उत्तराची वाट न बघता ते पाणी प्याले आणि गेले.

त्या कागदाविषयी मला आधीच कळले होते. ‘मयत इसम स्वतःच्या निष्काळजीपणामुळे दगावला’ असे त्यात वाक्य होते. माझे पती अतिशय जपून वागणारे होते. सायकलवर बसण्यापूर्वी रोज ब्रेक दाबून बघत. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ती शिकून मोठी होईल, कधीतरी तो कागद तिच्या हाती पडेल आणि बापाविषयी ती तेच खरे मानेल, या विचाराने मला झोप लागत नसे. दुसरे काही मला कोणाकडून नको होते.

मामा येथून थेट शिरूरच्या युनियन ऑफिसात गेले. पुढचे मला आप्पांनी सांगितले. कमिटीतल्या एका सभासदांनी मामांना अडवले. त्यांचे म्हणणे वाईट हेतूचे नव्हते.

“मामा, सुदाम काय आता परत येत न्हाई. तुम्ही खरं बोलला तर तुम्ही आत जाल. युनियननं जित्या मेंबराला वाचवायचं का न्हाई?”

मामा म्हणाले, “सुदाम मेंबर हुता का न्हाई?”

“हुता की.”

“मग तो मेला म्हनून त्याचं नाव कमी केलंय का तुम्ही?”

त्यानंतर कोणी विरोध केला नाही. त्याआधी या युनियनचे काम बोनस आणि रजा एवढ्यापुरतेच असे. त्या दिवसापासून ती माझ्या पतींच्या बाजूने उभी राहिली, आणि मामांच्याही. भरडणीवरच्या कामगारांना नोकरीची भीती होती. आप्पा एकेकाच्या घरी गेले. शेवटी सर्वांनी सरकारी इन्स्पेक्टरांपुढे खरे सांगितले. मामांनी आपली सही मागे घेऊन नवा जबाब दिला, तेव्हा मॅनेजरसाहेब म्हणाले, “तांबोळी, तुम्ही सगळं स्वतःच्या अंगावर घेताय, कळतंय का?”

“सगळं न्हाई, साहेब. माझं तेवढं माझ्या अंगावर. हाका मारून मशीन लावायची रीत तुमची. स्विचाला कुलूप द्या म्हनून आमी तीनदा अर्ज दिले, ते तुमच्या कपाटात हायेत.”

चौकशीला बरेच महिने लागले. तेवढे दिवस मामा कामाबाहेर होते आणि शिरूरला भावाच्या पानाच्या टपरीवर बसत. अखेर अहवालातले ते वाक्य काढले गेले. मशीन बंद राहील याची कारखान्यात सोय नव्हती, असे त्या जागी लिहिले गेले. आप्पांनी मला नक्कल आणून दिली. मी ती दोनदा वाचली. त्या रात्री झोप लागली.

युनियनने मामांना कामावर परत घ्यायला लावले, आणि त्यांच्या सूचनेवरून एक नियमही करून घेतला. जो माणूस मशीनमध्ये उतरेल त्याने आधी त्या मशीनचा फ्यूज काढून आपल्या खिशात घालायचा. तो वर येऊन स्वतःच्या हाताने फ्यूज लावेपर्यंत मशीन कोणालाही सुरू करता येत नाही. या नियमाचा एकदा फजितवाडाही झाला. मामा पाते बसवून वर आले, पाळी सुटली आणि फ्यूज खिशात घेऊनच ते शिरूरला घरी गेले. दुसऱ्या पाळीचे लोक मिक्सरपुढे हात बांधून बसले. मॅनेजरसाहेबांची जीप मामांच्या दारात आली. मामींनी सदरा धुवायला घेताना खिशातला चिनीमातीचा फ्यूज काढून मिठाच्या बरणीशेजारी ठेवला होता.

“मला वाटलं, कुठल्या बरनीचं झाकनच घेऊन आलेत,” मामी म्हणाल्या.

साहेब रागावले होते. मामा त्यांना म्हणाले, “चूक झाली, साहेब. पन बघा, कारखाना थांबला, पन मानसं समदी सुखरूप हायेत. असली चूक परवडती.”

कारखान्यात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मामा त्याला मिक्सरपाशी नेतात. “मी अमीन. माझ्या हातानं इथं एक मानूस गेला,” अशी त्यांची सुरुवात असते. पतींचे नाव ते पूर्ण घेतात. मग फ्यूज कसा काढायचा ते दाखवतात.

माझी दोन वर्षे राहू गावच्या शाळेत बदली झाली, तेव्हा मामांनी आधी जाऊन खोली बघितली, विजेच्या तारा स्वतः तपासल्या. घरमालकांनी विचारले, “तुमचं बाईंशी नातं काय?” मामा म्हणाले, “युनियनचं.” घरमालकांना काही समजले नाही, पण त्यांनी किल्ली दिली.

मामा दर वर्षी माझ्या पतींच्या स्मृतिदिनी येतात. बुद्धवंदना होईपर्यंत मागे उभे राहतात. पहिल्या भेटीत विचारलेला प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. मीही बोलले नाही. बोलणे मला जमत नाही, म्हणून येथे लिहिते.

मामा, पहिली दोन वर्षे माझ्या मनात तुमच्याविषयी राग होता. तुम्ही जिवंत आहात याचाच राग होता. तुम्ही माझ्याशी कधी खोटे बोलला नाहीत, म्हणून मीही हे लपवत नाही. तो राग कोणत्या दिवशी गेला ते सांगता येणार नाही. राहूला असताना एका वर्षी तुम्हाला यायला उशीर झाला, आणि मी तीन वेळा दारात जाऊन रस्ता बघून आले. तेव्हा मला समजले की तो राग गेला आहे. आता माझ्या मनात तुमच्याविषयी माया आहे. दुसरे काही नाही.

तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो. तुमचे गुडघे बरे राहोत, मामींची प्रकृती चांगली राहो. आणखी पुष्कळ नव्या माणसांना तुमच्या हातून शिकायला मिळो. त्यांना पहिले वाक्य सांगाल तेव्हा त्यापुढे माझे एक जोडा: ‘सुदामच्या घरच्यांची माझ्याविषयी काही तक्रार नाही.’

दिवे लागले आहेत. लिहिलेले कागद पाकिटात घातले, वर आप्पांचे नाव घातले. आता स्टोव्ह पेटवून एकटीपुरता भात टाकते.