काही नाही, घरीच होते

समोरच्या इमारतीतल्या वहिनी आमच्याकडे येत तेव्हा दाराबाहेर चपला काढता काढताच म्हणत, "मोजा ताई. लिफ्ट सोडून जिन्यानं आले. एक पॉइंट!" मग आत येऊन पंख्याखाली बसत आणि धाप लागलेल्या आवाजात पुढे म्हणत, "तुम्ही चहा टाका. तुम्हालाही एक."

ही पॉइंटांची भाषा त्या बेकार झाल्यावर आली. त्याआधी वहिनी सिंगापुरातल्या आंग मो किओ भागातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत सगळ्यांचे पगार काढायच्या. पगाराचं काम कंपनीनं एके दिवशी दुसऱ्या देशात नेलं आणि वहिनींना केक कापून घरी पाठवलं. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्या आणि त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाई. वहिनी इथल्या नागरिक, त्यामुळे सरकारच्या नव्या योजनेतून त्यांना काही महिने पैशांचा आधार मिळू लागला. अट एकच. दर महिन्याला कामाच्या शोधात हातपाय हलवायचे. अर्ज करा, वर्गाला जा, नोकरीची वाट दाखवणाऱ्या सरकारी कोचला भेटा, की पॉइंट. पॉइंट भरले नाहीत की त्या महिन्याचा आधार बंद.

आणि मी, तेव्हा जेमतेम सहासष्ट वर्षांची अल्लड पोर, जळू लागले.

हसू नका. लग्न होऊन सिंगापूरला आल्यापासून मी पासिर रिसच्या त्याच फ्लॅटमध्ये पोळ्या लाटतेय. मुलगा वाढवला, नात वाढवतेय. या सगळ्या काळात "या महिन्यात तुम्ही काय काय केलंत?" असं मला कुणी विचारलं नव्हतं. आणि वहिनींना हा प्रश्न विचारायला सरकारनं एक आख्खा माणूस ठेवला होता! इस्त्रीचा कुर्ता, गळ्यात कार्डाची दोरी, पर्समध्ये पाण्याची बाटली. बाई एमआरटीकडे, म्हणजे इथल्या मेट्रोकडे, अशा निघायच्या की नोकरीवर असतानाही कधी अशा निघाल्या नसतील. आमचे हे खिडकीतून बघत म्हणायचे, "वहिनींकडे बघ. बेकारीतसुद्धा काय शिस्त!" त्या दिवशी ह्यांच्या आमटीत मीठ नव्हतं. मुद्दाम.

शेवटी मी नातीला म्हटलं, "माझंही नाव घाल गं त्या योजनेत." ती मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "आजी, यू कॅनॉट बी जॉबलेस लाह. यू नेव्हर हॅड अ जॉब!" म्हणजे बघा, बेकार व्हायलासुद्धा आधी नोकरी लागते. आमची तेवढीही लायकी नाही.

पैसे बंद करण्याचा धाक मला मात्र आवडायचा नाही. मी म्हणायचे, "शाळेतल्या पोरांसारखी हजेरी कसली घेतात हो तुमची?" वहिनी योजनेची बाजू घ्यायच्या. "धाक हवाच, ताई. पहिले पंधरा दिवस मी सोफ्यावरून उठले नव्हते. आईंनी विचारलं तर सांगायचे, डोकं दुखतंय. पॉइंट जातील या भीतीनं केस विंचरले मी." हे म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा. मग लगेच हसून, "आणि कबूल केलं म्हणून अजून एक!"

त्यांनी वर्ग धरला होता पगाराच्याच नव्या सॉफ्टवेअरचा. "मला पगारच काढायचेत," त्या म्हणायच्या. "लोकांच्या खात्यात वेळेवर पैसे पडले की मला झोप लागते." वर्ग पुरा झाला की परीक्षा, आणि परीक्षा झाली की त्यांच्या कामाची नोकरी मिळण्याची आशा. सगळी मदार त्यावर होती. तोवर महिन्याचा आधार टिकायला हवा होता.

त्याच सुमारास सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. ऑपरेशन झालं, मग घरी पलंगावर. वहिनी त्यांना उठवायच्या, बसवायच्या, भरवायच्या, पुसून घ्यायच्या. वर्ग चुकले, अर्ज राहिले. महिना कसा गेला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्या महिन्यानंतरच्या कोचच्या भेटीला मी त्यांच्याबरोबर गेले. सोबत म्हणून, असं मी सांगितलं. खरं तर मला तो प्रश्न विचारणारा माणूस डोळ्यांनी बघायचा होता.

कोच म्हणजे आमच्या मुलापेक्षा लहान, चष्मेवाला चिनी तरुण. आम्हाला दोघींना त्यानं पाणी आणून दिलं. मग इंग्रजीत विचारलं, "मॅडम, मागच्या महिन्यात काहीच दिसत नाही. काय करत होतात तुम्ही?"

वहिनी हसून म्हणाल्या, "नथिंग. घरीच होते."

त्यानं की-बोर्डवरचे हात उचलले. "नथिंग, आह?" त्यानं पुन्हा विचारलं, जरा थांबून, जणू तो वाट बघत होता. मला आज वाटतं, तो बिचारा एखाद्या कारणाची वाट बघत होता.

"नथिंग, नथिंग," वहिनी म्हणाल्या आणि हातानं ते उडवून लावलं.

आणि मी शेजारी बसून मान डोलावत होते! मला त्यात खटकण्यासारखं काय असणार? "काय करता?" "काही नाही, घरीच असते." लग्नात, देवळात, नातीच्या शाळेत, जन्मभर हेच उत्तर देत आलेय मी. आमच्या बायकांचं ते "नमस्कार"सारखं आहे. तोंडातून आपोआप येतं.

परतीच्या गाडीत, चार स्टेशनं गेल्यावर, माझी ट्यूब पेटली. "अहो वहिनी, आईंचं का नाही सांगितलंत?"

"ते काय सांगायचं?" त्या खरोखर गोंधळल्या. "त्यानं काम विचारलं होतं ना?"

मी म्हटलं, परत जाऊ, निदान फोन करा. त्यांनी मान हलवली. "आता सासूचं आजारपण पुढे करू? सबब वाटेल, ताई. आणि म्हातारीच्या नावावर पैसे मागायचे? शोभतं का?"

त्या महिन्याचा आधार आला नाही. दुपारच्या वेळी सासूबाईंजवळ बसायला, म्हणजे वहिनींना वर्गाला जाता यावं म्हणून, एक मलाय बाई नुकत्याच येऊ लागल्या होत्या. त्यांना 'नको' म्हणावं लागलं. मी बसते म्हटलं, तर "तुमचे गुडघे उचलणार का त्यांना?" म्हणाल्या. पुढच्याच आठवड्यात वहिनींनी समोर आली ती नोकरी घेतली. सेम्बावांगकडच्या एका गोदामात, गोठवलेल्या मासळीची पाकिटं भरायची. पाळी संध्याकाळची, त्या वेळी त्यांच्या मजल्यावरची, कामावरून परतलेली शेजारीण आईंकडे बघे. वर्ग अर्ध्यावर सुटला. परीक्षेच्या दिवशी वहिनी कोळंबी भरत होत्या. कोचनं फोन करून मनापासून अभिनंदन केलं. योजनेच्या हिशेबी त्या पास झाल्या होत्या.

मी मात्र तेव्हाही जळले हो! का, तर कंपनीनं त्यांना जाडजूड निळं जाकीट दिलं होतं. या घामट देशात जाकीट! मी ते घालून आमच्या आरशासमोर उभी राहिले, मागून पुढून बघितलं. "मला शोभतंय की नाही?" म्हणून वळले, तर वहिनी टेबलाशी चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसलेल्या. पीत नव्हत्या, नुसता धरला होता. बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या. मी जाकीट काढून खुर्चीवर ठेवलं. त्यानंतर पुष्कळ प्रयत्न केला, पण जळायला काही जमेना.

"धाकानं माणूस उठतो, ताई," त्या म्हणाल्या. "ते खोटं नाही. पण उठून कुठे जातो, ते धाकाला बघायचंच नसतं." मग स्वतःच दचकल्या आणि म्हणाल्या, "एवढं बोलले, याचा पॉइंट द्या."

यायचं-जायचं झेपेना म्हणून त्या सासूबाईंना घेऊन सेम्बावांगलाच राहायला गेल्या. बेट केवढंसं, पण ते एका टोकाला, आम्ही दुसऱ्या टोकाला. माझे गुडघे आणि त्यांची पाळी, भेट होत नाही. रविवारी फोन मात्र होतो. आधी त्या विचारतात, "काय करताय, ताई?"

"काही नाही."

"पॉइंट गेला!"

मग मला सगळं सांगावं लागतं. ह्यांच्या गोळ्या, नातीचा डबा, थालीपीठ, कुंडीतला कढीपत्ता. त्या मोजत जातात. मला असं आजवर कुणी मोजलं नव्हतं.

गेल्या रविवारी मी उलटं विचारलं, "आणि तुम्ही काय करताय?"

पलीकडे त्यांनी पंखा मोठा केल्याचा आवाज आला. मग दमलेल्या आवाजात, "काही नाही हो. घरीच आहे."

'पॉइंट गेला' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"आईंना भरवलंत?"

"हो."

"एक. आंघोळ?"

"घातली. केसही धुतले त्यांचे."

"तीन. केसांचा वेगळा."

त्या हसल्या. बारीकच, पण हसल्या. मग जरा ओशाळून म्हणाल्या, "आणि ताई, दुपारी मी अर्धा तास झोपले."

"त्याचे दहा," मी म्हटलं.